किल्ली देताना आडनाव कशाला?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे फिरत्या खंडपीठाचं, कामकाज सुरू झालं. चार दशकांहून जुनी मागणी पुरी झाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचे खटले आता इथं चालतात. खटल्यांमागून माणसं आली. वकील आले, त्यांचे ज्युनिअर आले, टायपिंग करणारे आले आणि ही सगळी माणसं भाड्याचं घर शोधू लागली. त्याबरोबर गावात एक वाद रंगला. तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत मी तो गेले कित्येक महिने ऐकतोय. एक बाजू म्हणते, ‘बाहेरचे आले आणि भाडी चढली. मालकांनी लूट मांडलीय. सरकारनं भाडं बांधून द्यावं.’ दुसरी बाजू म्हणते, ‘घर माझं, मर्जी माझी. कुणाला द्यायचं, केवढ्याला द्यायचं, मला विचारणारे तुम्ही कोण?’ दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे आणि मूळ प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या दिवशी आपण गेटवर ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी लावतो, त्या दिवशी ते घर आपल्या खासगी मर्जीतून निघून गावाच्या व्यवहारात येतं. भाडं किती मागायचं, हे मालकानं ठरवावं. पण भाडेकरूला पारखायचं ते त्याच्या वागण्यावर आणि ऐपतीवर. जात, धर्म, लग्न झालंय की नाही, यावर नव्हे. आणि जे ठरेल ते कागदावर असावं, नोंदलेलं असावं. भाडी चढणं हा या शहरातला लहान प्रश्न आहे. पैसे हातात असूनही घर न मिळणं, हा मोठा प्रश्न आहे.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझी भाची रत्नागिरी जिल्ह्यातून वकिली करायला इथं आली. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी राहा म्हटलं, पण तिला स्वतःची जागा हवी होती आणि ते रास्तच होतं. तिच्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून राजारामपुरी, सागरमाळ, नागाळा पार्क, ताराबाई पार्क, फुलेवाडी, कळंबा असा सगळा भाग पालथा घातला. तीन आठवड्यांत एकोणीस घरं पाहिली. त्यांतल्या अकरा ठिकाणी भाड्याचा विषय निघण्याआधीच आम्ही बाहेर होतो. पहिला प्रश्न, ‘फॅमिली आहे का?’ दुसरा, ‘पोरगी एकटी राहणार? नाही जमायचं ओ.’ हे दोन्ही प्रश्न ओलांडले की तिसरा येई, ‘आडनाव काय म्हणालात?’ तिचं आडनाव कोकणात दोन-तीन जातींत सापडतं. मग चौथा प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे तुम्ही नेमके कोण?’ एका बाईंनी हे विचारताना तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला होता. त्या वाईट नव्हत्या. प्रेमानं बोलत होत्या. आपण काही गैर विचारतोय, असं त्यांना जराही वाटत नव्हतं आणि मला खुपलं ते नेमकं हेच.

भाचीला अखेर घर मिळालं, कारण तिच्याबरोबर मी होतो, पेठेतला, ओळखीचा. तिच्या चेंबरमधल्या सोलापूरच्या एका मुस्लिम मुलाबरोबर असा मामा नव्हता. त्याला फोनवर फ्लॅट रिकामा असे. नाव सांगितलं की तोच फ्लॅट ‘कालच गेला’ असे. पुढं महिनाभर तो लॉजवर राहिला. उच्च न्यायालयात उभा राहून दुसऱ्याचे हक्क मांडणाऱ्या माणसाला याच शहरात रात्री पाठ टेकायला हक्काची खोली नव्हती. भाडं बांधून द्या म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुमच्या बांधलेल्या भाड्यानं या मुलाला काय मिळालं असतं? ज्याला दारातूनच परत पाठवतात, त्याच्यासाठी भाडं पाच हजार असलं काय आणि पंधरा हजार असलं काय?

आता मालकांची बाजू. ती खरी आहे आणि मी ती हलकी करून मांडणार नाही, कारण मी स्वतः मालक आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या वीस वर्षं भाड्यानं जातात. एका कुटुंबानं चार महिन्यांचं भाडं थकवलं, लाइटचं बिल थकवलं आणि एका रविवारी आम्ही गावाला गेलेलो असताना सामान काढून ते निघून गेलं. न्हाणीघराचा नळसुद्धा काढून नेला. त्यानंतर दीड वर्ष मी खोल्या रिकाम्या ठेवल्या. म्हणून कुणी मालक ‘नको बाबा भाडेकरू’ म्हणतो तेव्हा त्यामागची धास्ती मला कळते. आणि ती धास्ती एका माणसाच्या एका अनुभवाची नाही, तिला इतिहास आहे. या भागातल्या जमीनदार घरांना कूळ कायदा आठवतो. १ एप्रिल १९५७ ला कसेल तो जमिनीचा मालक झाला. तो न्याय होता, असं मी मानतो. पण ‘कूळ लागणं’ हा शब्द शेतातून घरात आला तो कायमचाच. घरांच्या बाबतीत १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. त्यात प्रमाण भाडं १९४० च्या पातळीला बांधलेलं होतं. मग १९७३ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारीला जे लोक लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, राहत होते, ते एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. तात्पुरता म्हणून ठेवलेला माणूस कायमचा झाला. ज्यांनी हे पाहिलं, त्यांनी मुलांना सांगितलं, ‘एकदा घुसला की निघत नाही.’ मुलांनी ते नातवंडांना सांगितलं.

पण नातवंडांना कायदा बदलल्याचं कुणी सांगितलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सालचा आहे आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहायला दिलेल्या घराचा ताबा मालकाला परत मिळतो. त्यासाठी वर्षानुवर्षं दिवाणी दावा लढवावा लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथं लेखी करार हाच पुरावा धरतात. मुदत संपूनही जो बसून राहील, त्याच्याकडून दुप्पट रक्कम वसूल करण्याची तरतूद आहे. म्हणजे मालकाला ज्याची भीती वाटते, त्यावरचा तोडगा पंचवीस वर्षांपासून कायद्यात आहे. अट एकच, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. आणि नेमका तोच करायला मालक तयार नसतो.

कोल्हापुरात आजही सर्रास चालतं ते नोटरीचं. पाचशेच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा मजकूर, खाली दोन सह्या, नोटरीचा शिक्का. अकरा महिनेच का, असं विचारलं की एजंट छातीठोकपणे सांगतो, ‘वर्षाच्या आतलं असलं की रजिस्टर करायला लागत नाही.’ हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला आहे. तिथं एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात कलम ५५ आहे आणि त्यात अशी सूट नाही. करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे करार नोंदलेला नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं, याबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. स्वतःच्या घराची एवढी काळजी असलेला माणूस भाडेकरूची जात विचारतो आणि आपलं घर वाचवणारा कागद मात्र करत नाही.

का करत नाही? पैसे वाचवायला, असं कुणी म्हणेल तर हिशेब करून पाहावा. महिना ९,००० भाडं आणि ३०,००० डिपॉझिट धरा. अकरा महिन्यांचं भाडं ९९,००० होतं. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज गृहीत धरतात, ते त्यात मिळवलं की रक्कम सव्वा लाखाच्याही बरीच आत राहते. त्यावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. नोंदणी फी शहरात १,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५००. सगळं मिळून दोन हजारांच्या आत काम होतं आणि ते ऑनलाइन, घरबसल्या होतं. तेव्हा कारण पैशाचं नाही. कारण असं आहे की नोंदणी झाली की भाडं उघड होतं. उघड झालं की ते उत्पन्नात दाखवावं लागतं. काही अपार्टमेंटांत मेंटेनन्सही वाढवून मागतात. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. मालकाला भाडेकरूबद्दल पूर्ण माहिती हवी आणि स्वतःच्या व्यवहाराबद्दल मात्र अंधार हवा. दोन्ही एकदम कसं मिळणार?

हा कागद नसण्याची किंमत भाडेकरू कशी मोजतो, ते सहसा बोललं जात नाही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राखीव २५ टक्के जागांवर मुलाला प्रवेश घ्यायचा तर पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरूकडून नोंदणीकृत करार मागतात. नोटरीवाला चालत नाही. शाळा समोरच्या गल्लीत असते आणि पोर प्रवेशाला मुकतं. बँक, गॅस, मतदार यादी, सगळीकडे तेच. आणि कोल्हापुरात या सगळ्याच्या वर पूर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. दुधाळी, उत्तरेश्वर, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, रमणमळा, नागाळा पार्कचा सखल भाग पाण्यात होता. दोनच वर्षांत, २०२१ ला, पुन्हा तेच. पाणी उतरल्यावर पंचनामा करायला माणूस येतो तेव्हा भिजलेल्या गादीवर उभ्या असलेल्या भाडेकरूनं ‘मी इथंच राहत होतो’ हे कशावरून दाखवायचं? लाइट बिल मालकाच्या नावावर, घरफाळा मालकाच्या नावावर, करार कुठं नोंदलेलाच नाही. घर मालकाचं हे मान्य. पण वाहून गेलेला संसार भाडेकरूचा होता.

पुराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. भाचीबरोबर पाहिलेल्या घरांत नदीच्या बाजूचा एक तळमजल्याचा फ्लॅट होता. स्वच्छ, उजेडाचा, भाडंही परवडणारं. मालक म्हणाले, ‘इथं पाणी येत नाही.’ भिंतीला नवा रंग होता. पण मागच्या बोळात, जिथं रंगाचा ब्रश पोचला नव्हता, तिथं माझ्या छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ सरळ गेलेली दिसत होती. मी रेघेवर हात ठेवला आणि मालकांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘तेवढं एकदाच आलेलं.’ जानेवारीत घर बघणाऱ्या रत्नागिरीच्या मुलीला ही रेघ काय असते, ते कसं कळणार? आडनाव सांगण्याची सक्ती भाडेकरूला आहे. पाणी कुठवर आलं होतं, ते सांगण्याची सक्ती मालकाला नाही. माझ्या मते या शहरातल्या प्रत्येक भाडेकरारात २०१९ आणि २०२१ ची पाण्याची पातळी लिहिलेली असली पाहिजे. महापालिकेनं तसा नमुना करून द्यावा. त्याला एक ओळ पुरते.

भाडं गोठवा म्हणणाऱ्यांकडे येतो. त्यांचा राग मला समजतो. पगार तोच आणि अकरा महिने झाले की मालक हजार-दोन हजार वाढवून मागतो. पण मालक सगळे लुटारू आहेत, हे हिशेबात बसत नाही. चाळीस लाखांच्या फ्लॅटला महिना दहा हजार भाडं आलं तर वर्षाला तीन टक्के पडतात. घरफाळा, दुरुस्ती, मधले रिकामे महिने वजा केले तर त्याहून कमी. बँकेत ठेव ठेवली तरी यापेक्षा बरं व्याज मिळतं. निवृत्तीचे पैसे घालून एक फ्लॅट घेतलेला शिक्षक काही सावकार नव्हे. आणि भाडं गोठवण्याचा प्रयोग आपण करून पाहिलेला आहे. १९४० च्या पातळीला बांधलेल्या भाड्यानं काय झालं, ते जुन्या पेठांतून चालत गेलं तरी दिसतं. महिन्याला चहाच्या खर्चाएवढं भाडं येणाऱ्या वाड्याच्या कौलांवर मालकानं पैसा का घालावा? त्यानं घातला नाही. भाडेकरूनं घर आपलं नाही म्हणून घातला नाही. दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींना नोटिसा निघतात आणि दोघंही न्यायालयात उभे असतात. भाडं बांधलं की नवीन घरं भाड्यानं निघायची थांबतात आणि सगळ्यात आधी दार बंद होतं ते नव्यानं आलेल्यासाठी.

बांधायचं असेल तर डिपॉझिट बांधा. इथं खरी पिळवणूक आहे. भाडं बाजार ठरवतो, पण डिपॉझिट भाडेकरूच्या नडीवर ठरतं. आपल्या राज्यातल्या कायद्यात त्याला वरची मर्यादा नाही. केंद्रानं २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण तो कायदा राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. दोन महिने मला कमी वाटतात. माझ्यासारख्याचं चार महिन्यांचं भाडं बुडालेलं असतं, तेव्हा तीन महिने धरावेत. पण घर सोडताना ‘रंग काढावा लागेल’ म्हणून अख्खं डिपॉझिट गिळणं थांबलं पाहिजे. राहायला येताना नळ, पंखे, खिडक्या, भिंती यांचे फोटो आणि यादी दोघांच्या सह्यांनी करावी. जाताना त्याच यादीवर हिशेब व्हावा आणि महिन्याच्या आत पैसे परत मिळावेत. यात मालकाचंही काही बुडत नाही. माझा नळ गेला तेव्हा अशी यादी माझ्याकडे असती तर पोलिसांत सांगायला काही तरी हातात असतं.

आता ‘घर माझं, मर्जी माझी.’ हे वाक्य आपल्या गावात पहिल्यांदा उच्चारलं गेलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी हॉटेलवालाही हेच म्हणत होता. हॉटेल माझं, कप माझे, कुणाला चहा द्यायचा ते मी ठरवणार. त्या काळात याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. चहाचा कप खासगी असतो, पण तो कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हा गावाचा प्रश्न असतो, हे त्यांनी भाषण न करता दाखवलं. पुढं राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही, असं लिहिलं गेलं. भाड्याचं घर मात्र त्या यादीत आलं नाही. हॉटेलात शेजारच्या टेबलावर बसून तांबडा-पांढरा ओरपलेला माणूस संध्याकाळी खोली मागायला आला की आपल्याला परका होतो.

इथं विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. घर म्हणजे हॉटेल नव्हे. कायदाही काही प्रमाणात त्यांच्या बाजूनं आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. आणि कायद्याच्या पलीकडेही, घरात नातं येतं, जिव्हाळा येतो. एकच दार, एकच संडास, एकाच चुलीवर आळीपाळीनं स्वयंपाक अशी खोली दिली असेल तर आपल्याशी कुणाचं जमेल, ते पाहण्याचा मालकाला अधिकार आहे. मी तो मानतो. तिथं भाडेकरू घरातला माणूस होतो. पण पाचगावला किंवा उजळाईवाडीला गुंतवणूक म्हणून घेतलेला, स्वतः कधीही न राहिलेला, स्वतंत्र मीटरचा, स्वतंत्र दाराचा फ्लॅट? त्यात कसला जिव्हाळा? त्याची जाहिरात होते, एजंट कमिशन घेतो, भाडं दर महिन्याला खात्यावर येतं. हा धंदा आहे आणि धंद्यात गिऱ्हाइकाचं आडनाव विचारून माल देता येत नाही.

‘फक्त शाकाहारी’ या अटीबद्दल तर कोल्हापुरात बोलणं भाग आहे. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग लावणारं हे शहर आहे. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार आहे आणि जे त्याच मजल्यावर राहतात, त्यांची अडचण मी समजू शकतो. पण जी माणसं स्वतः आठवड्यातून दोनदा मटण खातात, त्यांनीही ही अट घातलेली मी या शोधात तीन ठिकाणी पाहिली. तेव्हा ती अट जेवणाबद्दल नाही. जात आणि धर्म न विचारता गाळून घ्यायची ती चाळण आहे. ‘बॅचलर नको’ हीसुद्धा तशीच. रात्री अकरानंतर आवाज नको, जिन्यात सिगारेट नको, गाडी आपल्या जागेत लावायची, महिन्याच्या पाच तारखेला भाडं, या अटी घाला. लिहून घाला आणि मोडल्या तर करार संपवा. त्या लग्न झालेल्याला आणि न झालेल्याला सारख्याच लागू होतात. माझा नळ काढून नेणारं कुटुंब ‘फॅमिली’च होतं, आमच्याच जातीचं होतं आणि ओळखीतून आलं होतं. मी त्यांच्याकडून कागद घेतला नव्हता, कारण आडनाव ओळखीचं होतं.

राहिला ‘बाहेरचे’ हा शब्द. कोल्हापुरात हा शब्द ऐकला की मला खरंच वाईट वाटतं. १८९५ साली शाहूपुरी वसली ती गुळाचा व्यापार करायला बाहेरून माणसं यावीत म्हणून. गाण्यात ज्या घराण्यामुळं या गावाचं नाव देशभर आहे, त्याचे उस्ताद अल्लादियाँ खाँ उत्तरेतून आलेले. खासबागेत कुस्ती बघत आपण मोठे झालो, त्या मातीत पंजाबचे मल्ल उतरले आणि आपल्या तालमींत राहिले. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडेला पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. त्यांची भाषा कुणाला कळत नव्हती, धर्म वेगळा होता, जेवण वेगळं होतं. तरी त्यांना पाच वर्षं राहायला जागा मिळाली. ते गेल्यावर फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं तिथंच आली, त्या जागेचं गांधीनगर झालं आणि आज गांधीनगरच्या बाजारपेठेत आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. या गावानं पोलंडच्या माणसांना छप्पर दिलं आणि सोलापूरच्या वकिलाला देत नाही, याचा अर्थ कसा लावायचा?

आणि बोर्डिंगं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंगं, अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहं शाहू महाराजांच्या आधारानं उभी राहिली. कुणी म्हणेल, तीसुद्धा जातवारच होती, मग आम्हाला का नावं ठेवता? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. ज्या काळात एका पंगतीत बसवणं अशक्य होतं, त्या काळात ज्याला गावात कुणी खोली देत नव्हतं, त्याच्यासाठी ती दारं उघडली गेली. उद्देश आत घेण्याचा होता. आजची जातवार चौकशी बाहेर ठेवण्यासाठी आहे. शिवाय त्यातला दुसरा धडा आपण पार विसरलो. शिकायला आलेल्या मुलाची राहायची सोय ही त्याच्या बापाची खासगी अडचण नाही, राज्याचं काम आहे, असं त्या राजानं मानलं. जागा दिल्या, अनुदानं दिली. १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहती आहेत, आता सर्किट बेंच आहे. नोकरी करणाऱ्या मुलींसाठी, ज्युनिअर वकिलांसाठी, परिचारिकांसाठी शहरानं नव्यानं किती खोल्या बांधल्या? १९७२ ला महापालिका झाली, पण हद्द जुन्या नगरपालिकेचीच, ६६.८२ चौरस किलोमीटर राहिली. आसपासच्या ४२ गावांसाठी २०१७ साली वेगळं विकास प्राधिकरण झालं. हद्दवाढीच्या वादात मी इथं शिरत नाही, गावांची शेतजमिनीबद्दलची भीती खोटी नाही. पण नवी घरं हद्दीबाहेर, पाण्याची ओरड तिथंच आणि काम मात्र शहरात, हा ताण सगळ्यात आधी भाडेकरूच सोसतो.

आमच्या वरच्या दोन खोल्या पुढच्या महिन्यात रिकाम्या होतायत. पाटी मी लिहून ठेवली आहे. भाडं, डिपॉझिट तीन महिन्यांचं, महापालिकेचं पाणी सकाळी येतं ती वेळ, सबमीटरचा दर, रात्री अकरानंतर शांतता, करार नोंदणीकृत आणि खर्च निम्मा-निम्मा. आईनं ती वाचली आणि विचारलं, ‘कोण आहेत, ते विचारणार नाहीस?’ मी म्हटलं, ‘विचारणार की. आधीच्या घरमालकाचा नंबर घेणार आणि त्यांनी घर कसं ठेवलं होतं, ते विचारणार.’ तिला हे पुरतं पटलेलं नाही. पाटी उद्या लावतोय.